मिडी-टू-सीव्ही: जुळवलेला सिंथ दुसऱ्या दिवशी पुन्हा बेसूर का होतो

आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. घरी बनवलेला मिडी-टू-सीव्ही कन्व्हर्टर आहे, म्हणजे कीबोर्डचे मिडी संदेश सिंथचा सूर ठरवणाऱ्या व्होल्टेजमध्ये (सीव्ही) बदलणारी पाटी: एक मायक्रोकंट्रोलर, एक डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप), त्याच्यामागे ते व्होल्टेज वाढवणारा ऑपॅम्प आणि शेवटी जॅक. जॅकमधून निघालेलं व्होल्टेज ॲनालॉग ऑसिलेटरला, म्हणजे प्रत्यक्ष सूर काढणाऱ्या सर्किटला, जातं. संध्याकाळी ट्यूनर लावून पाच सप्तकं जुळवली. दुसऱ्या दिवशी वाजवायला बसलो तर खालचं सप्तक ठीक, पण वर जावं तसा सूर उतरत चाललेला. ऑसिलेटरचा स्केल ट्रिमर (सप्तकांमधलं अंतर जुळवणारा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवून पुन्हा जुळवलं. चार दिवसांनी तोच सूर वर चढलेला. पुन्हा ट्रिमर.

माझ्याकडे हे जवळजवळ दोन महिने चाललं. त्या काळात मी सगळा दोष ऑसिलेटरला दिला. त्याची ट्रान्झिस्टरची जोडी बदलली, तापमान भरून काढणारा रेझिस्टर बदलला, ट्रिमर नवा घातला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष ऑसिलेटरमध्ये नव्हताच. तो माझ्या कन्व्हर्टरच्या शेवटच्या रेझिस्टरमध्ये होता, आणि मी तोच पूर्ण विश्वासाने तिथे बसवला होता. या प्रकारचे कन्व्हर्टर बनवणाऱ्यांच्या पाट्यांवर मी तो रेझिस्टर तसाच बसलेला अनेकदा पाहिला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

एक सेंट म्हणजे किती व्होल्ट

१ व्होल्ट प्रति सप्तक ही पद्धत रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात रूढ केली आणि आज बहुतेक मॉड्युलर सिंथ तिच्यावरच चालतात. सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वराला ८३.३३ मिलिव्होल्ट आणि एका सेंटला (अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला) ०.८३ मिलिव्होल्ट. हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. दोन ऑसिलेटर एकत्र वाजत असतील तर ५ सेंटांचा फरकसुद्धा कानाला डोलताना ऐकू येतो. ५ सेंट म्हणजे जेमतेम ४ मिलिव्होल्ट. दिवा लावायच्या किंवा मोटर फिरवायच्या सर्किटमध्ये ४ मिलिव्होल्टकडे कोणी बघत नाही. इथे तेवढ्यावर सूर जातो.

इथेच मल्टीमीटरचीही मर्यादा येते. साध्या २००० काउंटच्या मीटरवर २० व्होल्टची रेंज लावली की सर्वांत लहान पायरी १० मिलिव्होल्टची असते, म्हणजे १२ सेंट. अशा मीटरवर '३.००' दिसलं म्हणून ते खरंच ३.००० आहे असं समजू नका. साडेचार अंकी मीटर असेल तर उत्तम. नसेल तर एक युक्ती आहे: एलएम४०४० जातीचा ४.०९६ व्होल्टचा रेफरन्स (ठरलेलं व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) ब्रेडबोर्डवर लावा आणि मीटरचं एक टोक रेफरन्सला, दुसरं कन्व्हर्टरच्या आउटपुटला लावून दोघांमधला फरक मोजा. मात्र दोन्ही सर्किटांचं ग्राउंड एक हवं. आउटपुट ४ व्होल्टच्या आसपास असेल तर फरक १०० मिलिव्होल्टच्या आत येतो, आणि २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर तोच स्वस्त मीटर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो.

ट्रिमरला हात लावण्याआधी कागद घ्या

सिंथ अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. मग एकाच स्वराची सहा सप्तकं वाजवा, उदाहरणार्थ मिडी नोट ३६, ४८, ६०, ७२, ८४ आणि ९६. प्रत्येक सुराला ट्यूनरवर किती सेंट चढ किंवा उतार दिसतो ते लिहून काढा. फक्त सहा आकडे. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर दोन महिने वाचले असते, कारण चूक किती आहे यापेक्षा तिचा आकार कसा आहे हेच जास्त बोलकं असतं.

सगळे आकडे सारखेच असतील, समजा सगळीकडे सात सेंट चढ, तर तो ऑफसेट आहे. टीएल०७२ सारख्या ऑपॅम्पचा इनपुट ऑफसेट साधारण ३ मिलिव्होल्ट असतो आणि गेन २ असेल तर आउटपुटला ६ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ७ सेंट. ऑसिलेटरचं ट्यूनिंगचं बटण किंचित फिरवलं की विषय संपला. केवळ या ऑफसेटपायी महागडा ऑपॅम्प शोधत बसायची गरज नाही. तो तापमानानुसार हलतो, पण सेंटाच्या हिशोबात नगण्य.

आकडे समान पायऱ्यांनी वाढत असतील, समजा ०, -१२, -२४, -३६, -४८, -६०, तर ती स्केलची चूक आहे. कुठेतरी व्होल्टेज ठराविक टक्क्यांनी कमी पडतंय. १ टक्का चूक म्हणजे प्रत्येक सप्तकाला १२ सेंट, हे समीकरणही लक्षात असू द्या.

पहिली चार सप्तकं सरळ आणि फक्त वरच्या टोकाला आकडे झपाट्याने उतरत असतील, तर मात्र ऑसिलेटरकडे बघा. सॉ-टूथ गाभ्याच्या ऑसिलेटरमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी कपॅसिटर रिकामा करायला थोडा वेळ जातो. तो वेळ १ मायक्रोसेकंद धरला तर ४ किलोहर्ट्झवर, जिथे आवर्तनच २५० मायक्रोसेकंदांचं आहे, सूर जवळजवळ ७ सेंट उतरतो. ५०० हर्ट्झवर एक सेंटही नाही. त्यासाठीच बऱ्याच ऑसिलेटरांवर उच्च वारंवारतेचा वेगळा ट्रिमर असतो.

आकडे वेडेवाकडे असतील, वर-खाली होत असतील, तर डॅकच्या सरळपणाचा प्रश्न आहे. आणि वही लिहिता लिहिताच आकडे बदलत असतील, तर तापमान, ग्राउंड किंवा सैल जोड.

माझ्या कागदावर दुसरा आकार आला होता. दर सप्तकाला बारा सेंटांचा उतार, रेघ अगदी सरळ.

पाणी इथे मुरत होतं

मी सरळ जॅकवर मीटर लावला. १.०००, २.०००, ३.०००, ४.०००. एक मिलिव्होल्टही इकडचा तिकडे नाही. म्हणून तर मी कन्व्हर्टरला निर्दोष ठरवून ऑसिलेटर उघडला होता. मीटर म्हणतो बरोबर, कान म्हणतो चूक, आणि मी मीटरवर विश्वास ठेवला.

मीटर खोटं बोलत नव्हता. फक्त मी मोजत असताना जॅकमध्ये केबल नव्हती.

ऑपॅम्पच्या आउटपुटपासून जॅकपर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर घालायची पद्धत आहे. प्लग आत-बाहेर करताना टोक क्षणभर ग्राउंडला टेकतं किंवा दोन आउटपुट चुकून एकमेकांना जोडले जातात, तेव्हा तो ऑपॅम्पला वाचवतो. ऑडिओ सिग्नलसाठी हे ठीकच आहे, आवाज एक टक्क्याने कमी झाला तर कोणाला कळणार? पण सुराच्या व्होल्टेजसाठी तोच रेझिस्टर घात करतो. ऑसिलेटरच्या व्होल्ट-प्रति-सप्तक इनपुटचा रोध साधारण १०० किलोओहम असतो. १ किलोओहम आणि १०० किलोओहम मिळून व्होल्टेज विभागलं जातं आणि ऑसिलेटरपर्यंत १०१ पैकी १०० भागच पोचतात. म्हणजे एक टक्का कमी, म्हणजे सप्तकाला बारा सेंट. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असल्यामुळे त्याला ही घट दिसतच नाही.

आता चूक दर काही दिवसांनी का बदलत होती तेही उलगडतं. एक ऑसिलेटर जोडलेला असताना मी त्याचा स्केल ट्रिमर एक टक्क्याने वाढवून घेतला होता, त्यामुळे ते जुळलं. दुसऱ्या दिवशी मल्टिपलमधून (एका आउटपुटचे अनेक फाटे करणाऱ्या जोडातून) दुसरा ऑसिलेटर त्याच आउटपुटला जोडला. दोन १०० किलोओहम समांतर म्हणजे ५० किलोओहम, घट जवळजवळ दोन टक्के, आणि दोन्ही ऑसिलेटर सप्तकामागे आणखी बारा सेंट उतरले. मी पुन्हा जुळवलं. चार दिवसांनी दुसऱ्या ऑसिलेटरची केबल दुसरीकडे वापरायला काढली आणि पहिला चढला. यात तापमान नव्हतं, जुने ट्रान्झिस्टर नव्हते. मी केबल बदलत होतो आणि प्रत्येक केबलबरोबर स्केल बदलत होतं.

तुमच्याकडे हेच आहे का ते दोन मिनिटांत कळतं. एखादा वरचा सूर धरून ठेवा, ट्यूनर बघत राहा आणि त्याच आउटपुटला दुसऱ्या ऑसिलेटरची केबल जोडा. पहिल्याचा सूर हलला तर चोर सापडला. मीटरने बघायचं असेल तर केबल लावलेली असतानाच जॅकच्या मागच्या पायावर टोक टेकवा. इथून पुढे कुठलंही सीव्ही आउटपुट मोजाल ते असंच, भार जोडलेला ठेवून.

दुरुस्ती

रेझिस्टर काढून टाकायचा नाही. त्याला फीडबॅकच्या वेढ्यात घ्यायचं.

सध्या तुमचा फीडबॅक रेझिस्टर ऑपॅम्पच्या आउटपुट पायावरून इन्व्हर्टिंग इनपुटला जातो. त्याचं आउटपुटकडचं टोक सोडवा आणि १ किलोओहमच्या पलीकडे, जॅकच्या टोकाला जोडा. आता ऑपॅम्प स्वतःच्या पायावरचं नाही, तर जॅकवरचं व्होल्टेज बघतो आणि रेझिस्टरवर जेवढं पडतं तेवढं स्वतः जास्त देतो. ८ व्होल्टला १०० किलोओहमचा भार असेल तर ही भर ८० मिलिव्होल्टची. ±१२ व्होल्टवर चालणाऱ्या ऑपॅम्पला ती जाणवतही नाही. शॉर्टपासूनचं संरक्षण होतं तसंच राहतं.

एक कपॅसिटर मात्र विसरू नका. लांब केबल म्हणजे काहीशे पिकोफॅरडचा भार, आणि १ किलोओहम वेढ्यात आल्यावर ऑपॅम्पला थरथर सुटू शकते. ४७ ते १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ऑपॅम्पच्या आउटपुट पायावरून थेट इन्व्हर्टिंग इनपुटला लावा. हा १ किलोओहमच्या अलीकडून घ्यायचा. तुमचा टप्पा नुसता बफर असेल, म्हणजे फीडबॅकमध्ये सरळ तार असेल, तर त्या तारेच्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर कपॅसिटरला काम करायला जागाच राहत नाही. मी पहिल्यांदा कपॅसिटर न लावता जोडणी केली, तेव्हा दोन मीटरच्या केबलवर सूर खरखरीत झाला. ऑसिलोस्कोपवर डीसी रेघेऐवजी जाड पट्टा दिसत होता.

बदल झाला की ऑसिलेटरचे ट्रिमर पुन्हा एकदा लावावे लागतील, कारण तुम्ही ते चुकीच्या स्केलवर बसवले होते. त्यानंतर केबल कितीही बदला.

बफर्ड मल्टिपल, म्हणजे प्रत्येक फाट्याला स्वतंत्र ऑपॅम्प असलेला, वापरला तरी हा प्रश्न सुटतो, पण त्याच्या आउटपुटलाही फीडबॅकच्या बाहेर १ किलोओहम असेल तर तेच दुखणं एक घर पुढे सरकतं. विकत घेतलेल्या मॉड्युलवरही वरची केबल-चाचणी करून बघा.

स्केलची चूक, पण केबलने हलत नाही

मग आधी प्रोग्राम वाचा. हे सांगायला साधं वाटतं, पण मी स्वतः यात अडकलो आहे. एमसीपी४८२२ हा बारा बिटांचा डॅक अशा कामासाठी फार वापरला जातो. त्याच्या आत २.०४८ व्होल्टचा रेफरन्स आहे आणि आतला गेन २ ठेवला की एका काउंटला (आकड्याच्या एका पायरीला) बरोबर १ मिलिव्होल्ट मिळतो. एवढा सोयीचा आकडा मिळाल्यावर 'नोट गुणिले ८३' लिहायचा मोह होतो. अर्धस्वर ८३.३३ चा आहे. दर नोटेला एक तृतीयांश मिलिव्होल्ट सुटत गेला की पाच सप्तकांत, म्हणजे ६० नोटांत, २० मिलिव्होल्ट किंवा २४ सेंट कमी पडतात. कागदावर ही हुबेहूब हार्डवेअरच्या स्केलची चूक दिसते. आधी १००० ने गुणा, मग १२ ने भागा. आणि आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर हा गुणाकार ३२ बिटांच्या चलात करा. १६ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात ३२७६७ ही हद्द आहे, त्यामुळे ३३ व्या नोटेलाच आकडा उलटतो आणि सूर एकदम भलतीकडे उडी मारतो.

प्रोग्राम बरोबर असेल तर गेनचे रेझिस्टर बघा. एक टक्क्याचे रेझिस्टर हे नावाप्रमाणे एक टक्क्याने चुकू शकतात, म्हणजे पुन्हा बारा सेंटांच्या घरात. ०.१ टक्क्याचे, कमी तापमान-गुणांकाचे दोन रेझिस्टर एवढा एकच खर्च मी इथे आवर्जून करतो. बारीक जुळणीसाठी ट्रिमर हवाच असेल तर फीडबॅकचा सगळा रोध ट्रिमरवर टाकू नका. मोठा रेझिस्टर स्थिर ठेवा आणि त्याला दोन-तीन टक्क्यांएवढाच बहुफेरी ट्रिमर मालिकेत जोडा. ट्रिमरची पकड जेवढी मोठी, तेवढा त्याचा प्रत्येक धक्का सुराला लागतो.

सूर वाजतानाच हलतो

गेटचा (नोट चालू की बंद हे सांगणाऱ्या सिग्नलचा) एलईडी पेटला की सूर किंचित सरकतो, डिस्प्ले बदलला की सूर थरथरतो, अशी तक्रार असेल तर दोन जागा तपासायच्या: रेफरन्स आणि ग्राउंड.

डॅकचा रेफरन्स पाय सरळ ५ व्होल्टला जोडलेला असेल, किंवा तुम्ही मायक्रोकंट्रोलरचं पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारे स्पंद) गाळून सीव्ही बनवत असाल, तर सप्लायचं प्रत्येक हलणं सुरात उतरतं. ५ व्होल्टमध्ये १० मिलिव्होल्टची डुबकी म्हणजे ०.२ टक्के, म्हणजे सप्तकाला २.४ सेंट, आणि पाचव्या सप्तकावर बारा. आठ बिटांच्या पीडब्ल्यूएमचं आणखी एक दुखणं असं की ५ व्होल्टचे २५६ भाग केले की पायरी जवळजवळ २० मिलिव्होल्टची पडते, म्हणजे २३ सेंट. फिल्टरच्या कटऑफसाठी, आवाजाच्या पातळीसाठी ते चालून जाईल. सुरासाठी पीडब्ल्यूएम वापरू नका, डॅक घ्या, आणि त्याचा रेफरन्स स्वतंत्र असू द्या.

ग्राउंडचं दुखणं जास्त चकवतं. ग्राउंड म्हणजे शून्य, असं आपण आकृतीत काढतो. पण प्रत्यक्षात ती तांब्याची तार आहे, तिलाही रोध आहे. डिस्प्ले आणि एलईडी मिळून १०० मिलिअँपिअर घेत असतील आणि तो प्रवाह ज्या वाटेने परत जातो तिचा रोध, जोडणीच्या पिना धरून, ५० मिलिओहम असेल, तर त्या वाटेवर ५ मिलिव्होल्ट पडतात. कन्व्हर्टरचं ग्राउंड ऑसिलेटरच्या ग्राउंडपेक्षा ५ मिलिव्होल्ट वर जातं आणि सूर ६ सेंट हलतो. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवा, एक टोक डॅकच्या ग्राउंड पायाला आणि दुसरं ऑसिलेटरच्या ग्राउंडला, आणि एलईडी पेटवून-विझवून बघा. आकडा अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षा जास्त हलत असेल तर डिस्प्ले आणि एलईडीचं ग्राउंड पॉवरच्या जोडणीपर्यंत वेगळ्या तारेने न्या. डॅक, रेफरन्स, ऑपॅम्प आणि जॅक यांचं ग्राउंड त्या तारेत मिसळू देऊ नका. पाटी बनून गेली असेल तर ट्रॅक कापून जाड तार सोल्डर करा. दिसायला ओबडधोबड होतं, पण सूर हलायचा थांबतो.

सुराबरोबर बारीक कुईं असा आवाजही येत असेल तर यूएसबी केबल काढून बघा. संगणक आणि सिंथ यांची ग्राउंडं यूएसबीतून जोडली जातात आणि संगणकाचा सगळा गोंगाट आत येतो. जुन्या पाच पिनी मिडीत ही अडचण मुद्दामच टाळलेली आहे. तिथे माहिती ऑप्टोकपलरमधून, प्रकाशाने, पलीकडे जाते. म्हणूनच मिडी इन सॉकेटची मधली २ क्रमांकाची पिन आपल्या बाजूला ग्राउंडला जोडायची नसते. ती जोडली की ऑप्टोकपलर असूनही वेढा पूर्ण होतो.

आकडे वेडेवाकडे येतात

डॅकचे बिट आणि डॅकचा सरळपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. एमसीपी४८२२ मध्ये आठ सप्तकांसाठी बाहेर गेन २ लावला तर एक काउंट २ मिलिव्होल्टचा, म्हणजे आकडा जवळच्या काउंटवर बसवण्याची चूक जास्तीत जास्त सव्वा सेंट. ऐकायला काहीच नाही. पण त्याच्या डेटाशीटमध्ये इंटिग्रल नॉनलिनिअरिटी (सरळ रेघेपासून ढळणं) साधारण ±२ काउंट आणि कमाल ±१२ काउंट दिली आहे. साधारण नग मिळाला तर ५ सेंट, कमनशिबी नग मिळाला तर २९. शिवाय त्याचं आउटपुट शून्यापासून १० मिलिव्होल्टच्या आत नीट उतरत नाही, त्यामुळे सगळ्यात खालचा सूर चढलेला ऐकू येतो. तिथे सर्वांत खालची नोट शून्यावर न ठेवता थोडी वर ठेवा आणि उरलेलं ऑसिलेटरच्या ट्यूनिंगने भरून काढा. वरच्या टोकाला सगळे सूर एकाच जागी अडकत असतील तर ऑपॅम्पचा सप्लाय बघा. एकट्या ५ व्होल्टवरचा एलएम३५८ साडेतीन व्होल्टच्या आसपास थांबतो.

यावर उपाय म्हणजे कॅलिब्रेशनचा तक्ता. प्रत्येक सप्तकाच्या सी ला नेमकं व्होल्टेज येण्यासाठी किती काउंट लागतात ते मोजा, ते नऊ आकडे ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा आणि मधल्या नोटांसाठी दोन शेजाऱ्यांमध्ये सरळ रेघ धरा. सोळा बिटांचा चांगला डॅक घेतला तर बहुतेक वेळा दोनच बिंदू पुरतात.

पण हे काम सगळ्यात शेवटी. तक्त्याने कुठलीही चूक झाकता येते, भाराचीसुद्धा, आणि हाच त्याचा धोका आहे. १ किलोओहम वेढ्याबाहेर असताना मी तक्ता बनवला होता. तो एका ऑसिलेटरसाठी सुंदर बसला आणि दुसरा जोडताच निरुपयोगी झाला. आधी केबल-चाचणी पास होऊ द्या, ग्राउंड शांत होऊ द्या, मग तक्ता.

तापमान

ऑसिलेटर खरोखर तापमानाने हलतो, ते मी नाकारत नाही. व्होल्टेजचं घातांकी प्रवाहात रूपांतर करणारी ट्रान्झिस्टरची जोडी एका सप्तकासाठी फक्त १८ मिलिव्होल्ट वापरते आणि हा आकडा खोलीच्या तापमानाला दर अंशामागे सुमारे ०.३३ टक्क्यांनी बदलतो. काहीच भरपाई नसेल तर एका अंशाला सप्तकामागे ४ सेंट. म्हणूनच तिथे ३३०० पीपीएमचा (दर अंशाला ०.३३ टक्क्यांनी बदलणारा) रेझिस्टर ट्रान्झिस्टरला चिकटवून बसवतात. तो चिकटलेला नसेल, नुसता शेजारी उभा असेल, तर तो दुसऱ्याच हवेचं तापमान मोजत असतो. कन्व्हर्टरकडून येणारा तापमानाचा वाटा मात्र लहान आहे: एमसीपी४८२२ चा आतला रेफरन्स ५० पीपीएमचा, म्हणजे दहा अंशांना सप्तकामागे ०.६ सेंट. तेव्हा जॅकवरचं, भार जोडलेलं व्होल्टेज स्थिर असूनही सूर सरकत असेल तर आता खुशाल ऑसिलेटर उघडा.

सूर नाही, नोटच चुकते

अडकलेल्या नोटा बहुधा एकाच कारणाने येतात: अनेक कीबोर्ड नोट ऑफ पाठवतच नाहीत, ते शून्य वेगाचा नोट ऑन पाठवतात. शिवाय रनिंग स्टेटसमध्ये, म्हणजे एकाच प्रकारचे संदेश लागोपाठ येताना, पहिला बाइट गाळलेला असतो. प्रोग्रामने दोन्ही ओळखायला हवेत. अधूनमधून भलतीच नोट येत असेल तर ऑप्टोकपलर बघा. मिडीचा वेग सेकंदाला ३१२५० बिट, म्हणजे एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा. ६एन१३८ या ऑप्टोकपलरला बंद व्हायला वेळ लागतो. त्याच्या ७ व्या पायावरून ग्राउंडला ४.७ ते १० किलोओहम लावला की कडा सरळ होतात. ३.३ व्होल्टच्या बोर्डवर मी एच११एल१ वापरतो, तो कमी व्होल्टेजवरही बिनतक्रार चालतो.

प्रत्येक नोटेच्या सुरुवातीला आधीच्या सुराचा चुटपुटता आवाज येत असेल तर क्रम उलटा आहे. आधी डॅकला नवा आकडा द्या, मग गेट उघडा. डॅकला स्थिरावायला काही मायक्रोसेकंद पुरतात, पण ऑसिलेटरच्या इनपुटला स्लू असेल, म्हणजे तिथे व्होल्टेज हळूहळू बदलत असेल, तर मध्ये एक मिलिसेकंद थांबा.

कोर्ग एमएस-२० सारखं यंत्र असेल आणि सप्तकं मुळातच जुळत नसतील, तर काही बिघडलेलं नाही. ते हर्ट्झ-प्रति-व्होल्टवर चालतं: तिथे दर सप्तकाला १ व्होल्ट वाढत नाही, व्होल्टेज दुप्पट होतं. त्याचा गेटही उलटा असतो. कळ दाबली की व्होल्टेज द्यायचं नाही, तार ग्राउंडला टेकवायची. ऑपॅम्पच्या गेट आउटपुटऐवजी एक एनपीएन ट्रान्झिस्टर लावा: कलेक्टर जॅकच्या टोकाला, एमिटर ग्राउंडला, बेसला मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवरून १० किलोओहम. कळ सोडलेली असताना सिंथ वाजत राहतो आणि दाबली की गप्प होतो, असं झालं तर हेच कारण.

माझ्या कन्व्हर्टरवर आता चार ऑसिलेटर एकाच आउटपुटला जोडलेले असतात. पाचव्या सप्तकाचा सूर धरून मी त्यांच्या केबल एकेक करून काढतो आणि ट्यूनर बघतो. काटा जागेवर राहतो.